निगेटिव्हमधले ढग

कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करायला घेतली की दोन आकडे समोर येतात. एक बिटचा: 8, 14, 16. दुसरा डायनॅमिक रेंजचा: 3.4, 4.0, 4.8. जाहिरातीत दोन्ही एका ओळीत छापलेले असतात, त्यामुळे ते एकाच गुणाचे दोन पुरावे वाटतात. तसं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. डायनॅमिक रेंजचा मोठा आकडा कृष्णधवल निगेटिव्हला फारसा लागत नाही. जास्त बिट मात्र लागतात, आणि ते आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलट्या टोकाला लागतात. हे मत दोन्ही बाजूंनी घासून पाहावं म्हणून पुढचा संवाद मांडला आहे. पात्रं मी रचलेली आहेत. मामांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यांनी हयातभर स्वतःच्या डार्करूममध्ये प्रिंट काढल्या. भाची जुन्या छायाचित्रांच्या संग्रहाचं डिजिटायझेशन करते. लाइट बॉक्सवर 120 फिल्मवरची एक निगेटिव्ह ठेवली आहे: दिवे घाट चढणारी वारी, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या आणि वर पावसाळी ढग.

मामा : हा 4.8 कशाचा? घनतेचा असेल तर मला कळतो. 4.8 घनता म्हणजे टाकलेल्या प्रकाशातला साधारण त्रेसष्ट हजारावा भाग पलीकडे जातो. असली निगेटिव्ह मी कधी डेव्हलप केली नाही, आणि चुकून झाली असती तर तिची प्रिंट निघाली नसती.

भाची : घनतेचाच आहे, मामा. पण तो गणितातला कमाल आकडा आहे. 16 बिट म्हणजे 65,536 पायऱ्या, त्याचा लॉगॅरिदम घेतला की 4.8 येतो. 14 बिट म्हणजे 16,384 पायऱ्या, लॉगॅरिदम 4.2. निकॉनच्या कूलस्कॅन 5000 वर 16 बिट आणि 4.8 लिहिलेलं असायचं, धाकट्या कूलस्कॅन व्हीवर 14 बिट आणि 4.2. जुळणी तुमच्यासमोर आहे.

मामा : म्हणजे पायऱ्या मोजल्या आणि उजेड मोजल्याचं सांगितलं.

भाची : पायऱ्यांवरून जास्तीत जास्त किती उजेड मोजता येईल, ते सांगितलं. प्रत्यक्षात सेन्सरचा स्वतःचा नॉइज शेवटच्या पायऱ्या गिळून टाकतो. यंत्राच्या आत उसळणारा भटका प्रकाश आणखी काही खातो. म्हणून तर 2004 साली आयएसओ 21550 हे मानक आलं. त्यात बिट मोजत नाहीत. नॉइजमधून खरा संकेत कुठवर ओळखू येतो, ते मोजतात.

मामा : मग माझा मुद्दा तूच सिद्ध केलास. या वारीच्या निगेटिव्हमध्ये सगळ्यात पारदर्शक जागेपासून सगळ्यात काळ्या जागेपर्यंत फरक आहे तो 1.4 चा. स्टॉपमध्ये सांगायचं तर पावणेपाच स्टॉपही नाही. एवढा फरक तुझा कुठलाही स्कॅनर ओळखेल. मग 16 बिटचा आग्रह कशाला? 8 बिटमध्ये स्कॅन कर आणि पुढची निगेटिव्ह घे.

इथे थोडं थांबून मामांचा 1.4 कुठून आला ते पाहायला हवं, कारण सगळा वाद त्या आकड्यावर उभा आहे. घनता लॉगॅरिदममध्ये मोजायची पद्धत फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी 1890 साली मांडली. प्रकाश निम्मा झाला की घनता 0.3 ने वाढते, दहावा भाग उरला की 1 ने. घाटातल्या झाडोऱ्याच्या सावलीपासून उजळ ढगापर्यंत 8 स्टॉपचं अंतर धरलं तर ते लॉगॅरिदममध्ये 2.4 होतं. पण निगेटिव्ह हे अंतर जसंच्या तसं ठेवत नाही, दाबून ठेवते. नीट डेव्हलप केलेल्या फिल्मचा सरासरी चढ 0.58 च्या आसपास असतो. 2.4 ला 0.58 ने गुणलं की 1.4 येतो. फिल्मच्या बेसची आणि फॉगची घनता त्यात मिळवली तरी एकूण आकडा 2 च्या आत राहतो. कागदावर हे दाबलेलं अंतर पुन्हा फुलतं. निगेटिव्ह मऊ आणि कागद कडक, अशी ही जोडी आहे.

रंगीत स्लाइडचं गणित वेगळं. तिथे फिल्म हेच अंतिम चित्र असतं, म्हणून सगळा कॉन्ट्रास्ट तिच्यातच भरावा लागतो. स्लाइडमधला गडद काळा 3.5 च्याही पुढे जातो. स्कॅनर बनवणाऱ्यांची डायनॅमिक रेंजची चढाओढ स्लाइडसाठी होती. कृष्णधवल निगेटिव्ह घेऊन बसलेल्याने ती स्वतःची समजून पैसे मोजावेत, याला काही कारण नाही. इथवर मी पूर्णपणे मामांच्या बाजूने आहे. पुढे नाही.

भाची : रेंजबद्दल तुमचं खरं. पण 1.4 च्या आत काय चाललंय ते पाहू या. फिल्मचा मोकळा बेस म्हणजे पूर्ण उजेड, त्याला 255 हा आकडा देऊ. ढगाचा सगळ्यात दाट भाग 1.4 घनतेचा, म्हणजे तिथून येणारा प्रकाश 4 टक्के. नेहमीची 8 बिट फाइल 2.2 गॅमाने लिहिलेली असते. त्या हिशोबाने 4 टक्के प्रकाशाला मिळतो 59.

मामा : म्हणजे 59 ते 255. जवळजवळ 200 छटा मिळाल्या. कागदावर मी कधी एवढ्या मोजल्या नाहीत.

भाची : एकूण मोजू नका, ढगांमधल्या मोजा. 1.2 पासून 1.4 पर्यंतचा पट्टा घ्या. 1.2 घनतेला 73 मिळतो, 1.4 ला 59. मध्ये राहिल्या फक्त 14 पायऱ्या. आणि हा 0.2 चा पट्टा निगेटिव्हवर लहान दिसला तरी घाटातल्या खऱ्या उजेडात तो स्टॉपभराहून थोडा जास्तच आहे. ढगांची सगळी घडण, टोपीची किनार, धोतराच्या चुण्या, सगळं त्या 14 पायऱ्यांत.

मामा : आणि झाडोऱ्याला?

भाची : झाडोऱ्याची सावली फिल्मवर पातळ आहे, म्हणून तिथून उजेड भरपूर येतो आणि पायऱ्याही भरपूर मिळतात. पहिल्या 0.2 घनतेला, 255 पासून 207 पर्यंत, 48 पायऱ्या. जिथे आपण प्रिंटमध्ये जवळजवळ काळं करणार, तिथे श्रीमंती. जिथे डोळा सगळ्यात आधी जातो, तिथे दुष्काळ.

याच उलट्या टोकाबद्दल मी सुरुवातीला बोललो. डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्याला नॉइज सावलीत असतो अशी सवय लागलेली असते. निगेटिव्ह स्कॅन करताना तो आकाशात असतो, पांढऱ्या साडीत असतो, नवरीच्या कपाळावरच्या उजेडात असतो. सेन्सरच्या दृष्टीने निगेटिव्हची दाट जागा हीच सावली. सावल्या स्वच्छ दिसल्या म्हणून स्कॅन चांगला झाला असं मानणारा माणूस चुकीच्या ठिकाणी पाहत असतो.

मामा : 14 पायऱ्या असल्या तर बिघडलं काय? ढग काही फार कॉन्ट्रास्टचे नसतात.

भाची : उलटवल्यावर बिघडतं. गॅमा लावलेली फाइल नुसती उलटी केली तर ढग 182 ते 196 मध्ये येतात, करडे आणि सपाट. कागद तसं करत नाही. कागद घनतेला प्रतिसाद देतो आणि ढगांमधला फरक उलगडून दाखवतो. तुमच्या ग्रेड 2 च्या प्रिंटमधले ढग हवे असतील तर मला त्या 14 पायऱ्या ताणून 40-45 वर न्याव्या लागतील. म्हणजे दोन शेजारच्या छटांत तीनचं अंतर. तिथे आकाशात नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे दिसू लागतात. 14 बिटच्या सेन्सरने तोच भाग मोजला तर सुमारे 380 पायऱ्या मिळतात. 12 बिटने 95. त्या 16 बिटच्या फाइलमध्ये ठेवल्या की कितीही ताणा.

मामा : थांब. आता मी बोलतो. तू ढग म्हणतेस तेव्हा तुझ्या डोक्यात काचेसारखा गुळगुळीत करडा रंग आहे. फिल्मवर तसा रंग कधीच नसतो, तिथे दाणा असतो. कोडॅकने ट्राय-एक्सच्या माहितीपत्रकात ग्रॅन्युलॅरिटीचा आकडा 17 दिलाय. म्हणजे काय, माहीत आहे?

भाची : 1.0 घनतेच्या एकसारख्या भागावर 48 मायक्रोमीटर व्यासाच्या छिद्रातून पाहिलं तर घनता 0.017 ने वरखाली होते.

मामा : बरोबर. आणि छिद्र लहान केलं की थरथर त्याच प्रमाणात वाढते. तुझा 4000 पीपीआयचा पिक्सेल किती? 6.35 मायक्रोमीटर. 48 च्या साडेसात पट लहान. मग 0.017 चं होतं 0.13 च्या आसपास. आणि तुझी 8 बिटची पायरी त्या ढगात किती? 0.2 भागिले 14, म्हणजे 0.014. दाण्याची थरथर पायरीच्या नऊ पट आहे. भिंगाच्या मऊपणामुळे ती निम्मी झाली असं धर, तरी चौपट उरते. पट्टे पडणार कसे? शेजारचे दोन पिक्सेल एकाच पायरीवर कधी नसतातच. दाणा पायऱ्या मोडून टाकतो आणि डोळ्याला मधली छटा आपोआप दिसते.

भाची : यालाच आम्ही डिदर म्हणतो. पायऱ्या दिसू नयेत म्हणून मुद्दाम मिसळलेला नॉइज.

मामा : फिल्मने तो फुकट दिलाय. म्हणून 35 एमएमच्या ट्राय-एक्सची 8 बिट आणि 16 बिट फाइल शेजारी ठेव. कितीही ताण, दोन्हींत फरक दाखवून दे.

भाची : ट्राय-एक्समध्ये नाही दाखवता येणार. मान्य.

भाचीने हे मान्य केलं ते योग्यच केलं, आणि 16 बिटची भलावण करणाऱ्या बहुतेकांनी ते मान्य करायला हवं. गुळगुळीत रंगपट्टा संगणकावर तयार करायचा, त्यावर पट्टे पाडून दाखवायचे आणि मग तो न्याय दाणेदार फिल्मला लावायचा, हे प्रामाणिक प्रात्यक्षिक नव्हे. वेगवान फिल्म, छोटी निगेटिव्ह आणि चांगल्या रिझोल्यूशनचा स्कॅन असेल तर 8 बिट दिसण्यात कमी पडत नाहीत. मामांचं गणित चोख आहे. मात्र ते एका विशिष्ट फिल्मचं आणि विशिष्ट रिझोल्यूशनचं गणित आहे, आणि त्यापलीकडे ते लागू पडत नाही.

भाची : आता हेच गणित टी-मॅक्स 100 ला लावा. तिचा आकडा 8 आहे. आणि संग्रहात प्रत्येक निगेटिव्ह 4000 ला स्कॅन होत नाही. सूचीसाठी 1200 पीपीआय पुष्कळ झाले म्हणतात. तेव्हा पिक्सेल 21 मायक्रोमीटरचा. थरथर येते 0.018. पायरी 0.014. आता दाणा आणि पायरी जवळजवळ सारख्या झाल्या. फ्लॅटबेडच्या भिंगाने थरथर निम्मी केली की दाणा पायरीच्या खाली गेला, आणि पट्टे उघडे पडले. मोठ्या काचेच्या प्लेटवर तर आणखी लवकर.

मामा : हं. मोठ्या निगेटिव्हचा दाणा प्रिंटमध्येही दिसत नसे, हे खरं.

भाची : दुसरं त्याहून महत्त्वाचं. दाणा तुमच्या फाइलचा राखणदार आहे म्हणता, पण तो तिथे टिकेल याची हमी काय? पुढचा माणूस फाइल उघडतो आणि आधी नॉइज कमी करायचं बटण दाबतो. किंवा जेपेग करतो. जेपेग 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतला बारीक तपशील आधी टाकून देतं, म्हणजे नेमका दाणाच. दाणा गेला की मधल्या छटाही गेल्या, कारण 8 बिटच्या फाइलमध्ये त्या छटा दाण्यामुळेच शिल्लक होत्या. 16 बिटच्या फाइलमधून दाणा काढला तरी ढग उरतात.

मामा यावर लगेच बोलणार नाहीत, असं मला वाटतं. दाणा हा छायाचित्राचा भाग आहे, तो पुसणं हे पाप आहे, असं त्यांचं मन सांगेल आणि मलाही ते पटतं. पण संग्रहातली फाइल कोण कशी वापरेल हे आपल्या हातात नसतं. छापखाना आणि प्रदर्शनाचा मांडणीकार यांच्यापैकी कुणाच्याही चुकीच्या बटणाला फाइल पुरून उरावी, एवढी काळजी तरी तयार करणाऱ्याने घ्यावी.

मामा : मग सिनेमावाल्यांचं काय? कोडॅकने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेऑन पद्धत काढली. सिनेमाची निगेटिव्ह स्कॅन करायची, संगणकावर काम करायचं आणि परत फिल्मवर उतरवायची. तिथे 10 बिट होते. 16 नाही, 10. आणि ते चित्र थिएटरच्या पडद्यावर पसरायचं. 1964 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या फिल्म अर्काइव्हमध्ये कृष्णधवल सिनेमांची जी रिळं आहेत, त्यांची निगेटिव्हही याच जातीची. त्यांना 10 पुरतात आणि माझ्या वारीला पुरत नाहीत?

भाची : मामा, तुम्ही माझ्यासाठी फार चांगलं उदाहरण आणलंत. सिनेऑनचे 10 बिट लॉगॅरिदममधले आहेत. 1,024 पायऱ्या, प्रत्येक पायरी 0.002 घनतेची, एकूण आवाका 2.046. निगेटिव्हला पुरेल तेवढाच, उगाच 4.8 नाही. आणि पायऱ्या सगळीकडे सारख्या. सावलीला जेवढ्या, तेवढ्याच ढगाला. आपल्या 0.2 च्या पट्ट्याला तिथे 100 पायऱ्या मिळतात. नेहमीच्या 8 बिटमध्ये 14.

मामा : म्हणजे संख्या नव्हे, वाटप.

भाची : फाइलमध्ये ठेवताना वाटप. पण मोजताना संख्याच लागते. सेन्सर लॉगॅरिदम जाणत नाही, तो सरळ उजेड मोजतो. 1.4 घनतेपाशी 0.002 ची पायरी ओळखायची तर पूर्ण उजेडाचा साडेपाच हजारावा भाग वेगळा दिसायला हवा. 12 बिटच्या 4,096 पायऱ्यांत ते बसत नाही. 14 बिटमध्ये बसतं. म्हणून यंत्र आत जास्त बिटने मोजतं आणि मग शहाणपणाने कमी बिटमध्ये मांडतं. आपल्या घरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय सहसा नसते, म्हणून मी सरळ 16 बिटचं टिफ ठेवते. तुमच्या 6 बाय 6 च्या निगेटिव्हचं 3200 पीपीआयला 100 एमबी होतं. 8 बिटमध्ये 50 झालं असतं. आज 50 एमबी वाचवण्यासाठी ढग देऊन टाकणं मला परवडत नाही.

मला या टप्प्यावर बिटचा वाद मिटलेला दिसतो. पण स्कॅनिंगमध्ये ढग सर्वाधिक कुठे हरवतात, तर बिटमध्ये नाहीच. ते हरवतात उजेडात. यावर फार कमी बोललं जातं, आणि इथे मामांच्या डार्करूमचा अनुभव भाचीच्या गणिताच्या पुढे आहे.

मामा : आता मला सांग, तुझ्या स्कॅनरमधला उजेड कसला? कंडेन्सरचा की डिफ्यूजरचा?

भाची : फ्लॅटबेडमध्ये पसरलेला. कूलस्कॅनसारख्या फिल्म स्कॅनरमध्ये एलईडीचा, बराचसा सरळ रेषेत जाणारा.

मामा : मग एकच निगेटिव्ह दोन यंत्रांत दोन घनतेची दिसणार. चांदीचा दाणा उजेड विखरून टाकतो. सरळ येणारा उजेड विखुरला की भिंगापर्यंत पोचतच नाही, म्हणून दाट भाग आणखी दाट दिसतो. पसरलेल्या उजेडात एका बाजूचा गेला तर दुसऱ्या बाजूचा येतो. आंद्रे कॅलिए याने 1909 साली हे मांडलं. आम्ही रोज पाहायचो. डिफ्यूजर एन्लार्जरवर ग्रेड 2 च्या कागदाला साधारण 1.05 ची निगेटिव्ह लागायची, कंडेन्सरवर 0.8 च पुरायची. कंडेन्सरवर ओरखडेही उठून दिसायचे आणि दाणाही.

भाची : म्हणजे 1.4 हा आकडा निगेटिव्हचा एकटीचा नाही. तो निगेटिव्ह आणि उजेड या दोघांचा मिळून आहे.

मामा : तेच. आणि म्हणून या दाट ढगांना पसरलेला उजेड बरा. आता दुसरं. निगेटिव्हच्या कडेला काचेचा भाग उघडा ठेवला आहेस का?

भाची : होल्डरच्या बाहेर थोडा.

मामा : काळ्या कागदाने झाक. एन्लार्जरमध्ये आम्ही निगेटिव्ह कॅरिअरच्या कडा झाकल्याशिवाय दिवा लावत नव्हतो. मोकळ्या जागेतून आलेला उजेड भिंगात उसळतो आणि सगळीकडे पसरतो. सावलीला काही होत नाही, तिथे उजेड मुळातच भरपूर. ढगाला होतं.

भाची : आकड्यात सांगते. समजा पूर्ण उजेडाचा फक्त अर्धा टक्का भटका झाला. ढगातून येतो 4 टक्के. त्याचे होतात साडेचार. 1.4 घनता 1.35 वाचली जाते. म्हणजे 0.2 च्या पट्ट्यातला काही फरक यंत्राच्या आतच पुसला गेला, आणि मग 16 बिट काय, 32 बिट घेऊनही तो परत येत नाही.

मामा : आता पटलं का, मी खोक्यावरच्या आकड्यावर का चिडतो? तिथे 4.8 लिहिलंय आणि काळ्या कागदाबद्दल अक्षर नाही.

हे मामांचं म्हणणं मला संपूर्ण संवादातलं सर्वांत कामाचं वाटतं. काळ्या कागदाचा तुकडा फुकट मिळतो आणि तो महागड्या यंत्राच्या दोन बिटांइतकं काम करू शकतो. त्याच्याच जोडीची दुसरी फुकट गोष्ट म्हणजे एक्स्पोजर. सॉफ्टवेअरचा ऑटो काढून टाकावा. फिल्मच्या मोकळ्या कडेवर मोजावं आणि ती कड कमाल आकड्याच्या जेमतेम खाली बसेल इतका उजेड द्यावा. कॅमेऱ्याने निगेटिव्ह कॉपी करणाऱ्यांनाही हेच लागू. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये एक स्टॉप कमी एक्स्पोजर दिलं तर ढगांच्या निम्म्या पायऱ्या गेल्या. ज्या यंत्रात एकच ओळ अनेकदा वाचून सरासरी काढायची सोय आहे, तिथे दाट निगेटिव्हसाठी ती वापरावी. चार वाचनांत नॉइज निम्मा होतो, सोळा वाचनांत पाव. इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय मात्र बंद ठेवावी. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं.

भाची : ऑटोबद्दल मीही तेच सांगते सगळ्यांना. पण मामा, तुमचा 8 बिटचा हट्ट केवळ गणिताचा नव्हता. खरं कारण वेगळं आहे ना?

मामा : आहे. तू म्हणतेस सगळं साठवून ठेवायचं, ठरवायचं काहीच नाही. करडी, मऊ, उलटीही न केलेली फाइल. तिला तू मास्टर म्हणतेस. माझ्या लेखी ते छायाचित्रच नाही. वारीची ही प्रिंट काढताना मी आकाश वेगळं बर्न केलं होतं, घाटाचा उतार डॉज केला होता. कुठली टोपी कोरी ठेवायची आणि कुठल्या ढगात जान ठेवायची हे मी ठरवलं होतं. ते निर्णय तुझ्या 65,536 पायऱ्यांत कुठे आहेत?

भाची : नाहीत. पण ते बदलायची मुभा आहे. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सची मूनराइज घ्या. 1941 साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावापाशी काढलेली निगेटिव्ह. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश उजळ आहे, त्यात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. 1948 साली त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागाला रासायनिक उठाव दिला. पुढच्या दशकांत आकाश गडद करत करत जवळजवळ काळं केलं. निगेटिव्ह एकच, आणि प्रिंट काढणाराही तोच माणूस. पहिल्याच प्रिंटच्या छटांवर कुणी कायमचं शिक्कामोर्तब केलं असतं तर पुढचं आकाश कुठून आलं असतं?

मामा : ॲडम्सने आकाश बदललं, कारण निगेटिव्ह त्याच्याकडे होती आणि काय हवं ते त्याला माहीत होतं. तुझी फाइल पन्नास वर्षांनी ज्याच्याकडे जाईल त्याला काय माहीत असणार? तो समजेल, हे ढग मुळात असेच करडे होते.

भाचीपाशी याला तांत्रिक उत्तर नाही, आणि माझ्यापाशीही नाही. मास्टर फाइल तटस्थ असावी हे तत्त्व संग्रहाच्या शिस्तीला धरून आहे. पण छायाचित्रकार हयात असताना, त्याने काढलेली प्रिंट उपलब्ध असताना, फक्त निगेटिव्ह स्कॅन करून काम संपवणं हे अर्धंच काम आहे. प्रिंटही स्कॅन व्हायला हवी. चकचकीत ब्रोमाइड कागदाचा काळा 2.1 च्या आसपास जातो, म्हणजे तीही स्कॅनरच्या आवाक्यात आरामात बसते. ती फाइल 8 बिटची असली तरी चालेल, कारण तिच्यातले निर्णय घेऊन झालेले आहेत आणि ते ताणायचे नाहीत, फक्त पाहायचे आहेत. बिट लागतात ते अजून न घेतलेल्या निर्णयांसाठी.

भाची : मग असं करू. निगेटिव्हचं 16 बिट टिफ, उलटं न करता, मोकळ्या बेसवर एक्स्पोजर बांधून, कडा काळ्या कागदाने झाकून. त्याच्या शेजारी तुमच्या प्रिंटचा स्कॅन. आणि तुम्ही मला कागद, ग्रेड, बर्निंग किती सेकंद, सगळं सांगायचं. मी ते फाइलच्या माहितीत लिहून ठेवते.

मामा : कागद ग्रेड 2, मऊ डेव्हलपर. मूळ एक्स्पोजर लिहून ठेवलंय, प्रिंटच्या मागे पेन्सिलने आहे. आकाशाला त्याच्या निम्म्याने जास्त. उजव्या कोपऱ्याला आणखी थोडं, तिथे ढग सगळ्यात दाट आहे. आणि ट्राय-एक्सच्या त्या सगळ्या 35 एमएमच्या पट्ट्या?

भाची : त्याही 16 मध्येच करते.

मामा : त्यांना 8 पुरतील, हे मघाशी तूच मान्य केलंस.

भाची : दिसायला पुरतील. पण नॉइज काढायचं बटण कोण दाबेल ते मला ठाऊक नाही.

मामा : मग त्या माहितीत हेही लिही, की दाणा काढू नये. छायाचित्रकाराची तशी इच्छा आहे.

भाची : लिहिते. पट्ट्या मात्र 16 मध्येच.